अनोळखी मशीनसाठी

कुठल्याही संगणकासमोर बसण्याआधी जीजी माउस उचलायच्या, त्याची वायर गुंडाळायच्या आणि तो पडद्याच्या मागे नेऊन ठेवायच्या. मग खुर्ची पुढे ओढायच्या, पण बसायच्या नाहीत. उभ्यानेच चार-पाच कळा दाबायच्या, समोर काय होतंय ते पाहायच्या, "हां, बराबर," असं स्वतःशीच म्हणायच्या आणि मग टेकायच्या. टेकायच्या तेही खुर्चीच्या कडेला. खुर्चीत पूर्ण बसलेल्या जीजी मी परतूरमध्ये कधी पाहिल्या नाहीत.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आपण त्यांना चहा देतो आणि ती तो खिडकीपाशी उभी राहून पितात. बोलता बोलता दारापर्यंत जातात, पुन्हा येतात. त्यांच्याकडे पाहून आपल्यालाच दम लागतो.

त्यांचं घर राजस्थानातून काही पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. आई-वडील वारले, भाऊ धंद्यासाठी जालन्याला गेले, आणि मोंढ्याजवळच्या घरात जीजी एकट्या राहिल्या. सगळं गाव त्यांना जीजीच म्हणे. सकाळी आमच्या कॉलेजच्या ऑफिसात संगणकाचं काम, तेही कंत्राटावर, दरवर्षी नव्या पत्राने. दुपारी घराच्या पुढच्या खोलीत लोकांचं टायपिंग. आणि गुरुवारी वाटूरला, तिथल्या शाळेच्या नोंदी भरायला. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. ऑफिस आणि ग्रंथालय यांच्यामध्ये एक जिना, एवढाच आमचा शेजार.

ओळख वाढली ती पुस्तकांच्या यादीमुळे. दुपारी ऑफिसचा संगणक रिकामा असे, तेव्हा मी यादीचं काम तिथे करावं असं ठरलं. पहिल्याच दिवशी मी जीजींच्या जागी बसलो तर समोर नुसता काळा पडदा. चित्रं नाहीत, खालची पट्टी नाही, माउस तर हरवलेलाच. मी घाबरून हेडक्लार्कना बोलावलं. ते म्हणाले, "तिथं आम्ही कुणीच हात लावत न्हाई, सर. ते जीजींचं घर आहे."

जीजींनी मला समजावलं ते उभ्याउभ्याच, दोन मिनिटांत. आपण सगळे पडद्यावर एकावर एक खिडक्या उघडत जातो आणि मग माउसने ओढाओढ करून हवी ती शोधतो. जीजींकडे खिडक्या मांडण्याचं काम एक वेगळा प्रोग्राम करायचा. एक दाबलं की पत्रव्यवहार, दोन दाबलं की विद्यार्थ्यांच्या नोंदी, तीनला छपाई. प्रत्येक खिडकी आपापल्या जागी, पडदा भरून. कुठल्या कळेने काय उघडायचं, कुठे उघडायचं, अक्षर किती मोठं, हे सगळं एका साध्या फाइलीत ओळीखाली ओळ लिहिलेलं होतं. पूर्वी आमच्याकडे असलेल्या एका प्राध्यापकांनी त्यांना ही वाट दाखवली होती. ते बदली होऊन गेले. पुढची वाट जीजींनी एकटीने काढली.

"मी सकाळी इथं, दुपारी घरी, गुरुवारी वाटूरला," त्या म्हणाल्या. "दर वेळी नवे हात कुठून आणू? मशीन बदलली तरी हात बदलायचे न्हाईत, भाऊ."

हे वाक्य मी पुढे कितीतरी वेळा ऐकलं.

पण मशिनी तीन आणि तिघींचे स्वभाव वेगळे. त्यांनी नावंही तशीच ठेवली होती. ऑफिसातल्या जुन्या पडद्याची ती चौकोनी. वाटूरच्या शाळेतली, सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेणारी, ती म्हातारी. आणि घरची, दोन पडद्यांची, ती मोठी. एकीला शोभणारी फाइल दुसरीला चालत नसे. मोठीसाठी लिहिलेलं अक्षर म्हातारीवर एवढं मोठं दिसे की दोन ओळींतच पडदा संपे. मोठीवर नोंदी उजव्या पडद्यावर उघडायच्या. चौकोनीला उजवा पडदाच नव्हता.

आधी त्यांनी तीन फायली ठेवून पाहिल्या. इथे एक कळ बदलली की बाकी दोन ठिकाणी बदलायची राहून जाई. एका गुरुवारी वाटूरला त्यांनी सवयीने एक कळ दाबली आणि मुख्याध्यापकांचं अर्धं लिहिलेलं पत्र बंद झालं. "मुख्याध्यापक काही बोलले न्हाईत," जीजी सांगत होत्या, "नुसते माझ्याकडं बघून राह्यले. त्यापेक्षा शिव्या बऱ्या."

मग त्यांनी एकच फाइल केली. वर सगळ्यांना सारखं असेल ते. खाली, मशीनला तिचं नाव विचारायचं, आणि नाव निघेल तसं पुढचं ठरवायचं. मोठी असेल तर दोन पडदे. म्हातारी असेल तर अक्षर लहान आणि शोभेचं सगळं बंद. "घरात कसं असतं," त्या म्हणाल्या, "पोळी सगळ्यांना सारखी. वरण ज्याला जसं पाहिजे तसं."

तरी समाधान नसे. "अजून नीट न्हाई," म्हणत त्या जिना चढून वर यायच्या, मी काही विचारायच्या आत एखादी नवी अडचण सांगायच्या आणि सांगता सांगता कपाटांमधून फिरायच्या. फिरताना बोटं पुस्तकांच्या पाठींवरून जात. मला वाटे, यांना पुस्तकांचं प्रेम आहे. बोलून दाखवत नाहीत एवढंच.

प्रेम असेलही. पण ती बोटं दिशा सांभाळण्यासाठी होती, हे मला एका दुपारी कळलं. वरच्या फळीसाठीचं स्टूल मी दोन कपाटांमध्ये विसरलो होतो. चांगलं लाल रंगाचं, लहान मुलालाही दिसेल असं स्टूल. जीजी बोलत बोलत सरळ त्यावर आदळल्या आणि खाली बसल्या.

मी पाणी आणलं. त्या नडगी चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "समोरचं दिसतं. बाजूचं न्हाई दिसत. नळीतून बघावं तसं. दरसाल नळी बारीक होऊन राह्यली."

डॉक्टरांनी उपाय नाही म्हणून सांगितलं होतं. सावकाश जाईल, एवढाच दिलासा. माउसचा बाण त्यांच्या नळीत सापडतच नसे. पडदाभर शोधावा लागे, आणि शोधताना मान अशी फिरे की पाहणाऱ्याला कळावं. म्हणून बाणच नको. म्हणून प्रत्येक खिडकीची जागा ठरलेली. आम्ही ज्याला जीजींचा हट्ट म्हणत होतो तो हट्ट नव्हता.

मी म्हणालो, निदान ऑफिसात सांगून ठेवा, लोक सांभाळून घेतील.

"सांभाळतीलच," त्या म्हणाल्या. "तेच तर. कॉलेज पत्र देणार न्हाई. मंग भाईसाब गाडी घेऊन येतील, हात धरून जालन्याला नेतील. बहुत प्रेमानं नेतील, भाऊ. अन् एका खुर्चीत बसवतील. मला खुर्चीत न्हाई बसायचं."

मी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. तो पाळला. पण शब्द देऊन मी स्वस्थ बसलो असतो तर बरं झालं असतं. मी स्टुलं उचलू लागलो. दारं पूर्ण उघडून ठेवू लागलो. जिन्यावर त्यांच्या पुढे चालू लागलो आणि पायरी आली की खोकू लागलो. चार दिवस जीजींनी ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "तुमच्या खोकल्याला पायरी असते, हे मला समजलंय. पण तुम्हाला खरंच खोकला झाला तर मी कुठं पाय टाकू?"

त्यानंतर मी खोकलो नाही. काळजी मात्र गेली नाही. ती आत फिरत राहिली आणि वाट शोधत राहिली.

त्याच वर्षी कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती येणार होती. सभागृहात नवा संगणक आला. विद्यार्थ्यांच्या नोंदी जीजींनी तिथे बसून समितीला दाखवायच्या असं प्राचार्यांनी ठरवलं. मशीन आली ती समितीच्या आदल्या दिवशी, आणि नेमकी त्याच दिवशी जीजींची डोळ्यांच्या डॉक्टरांकडची तारीख. ती टाळली तर पुढची काही महिन्यांनी मिळणार. ऑफिसात त्यांनी लग्नाचं निमित्त सांगितलं आणि माझ्या हातात एक कागद दिला. नव्या मशीनवर त्यांची पद्धत कशी बसवायची, त्याच्या पायऱ्या. फाइल पेन ड्राइव्हवर होती.

"घाबरू नका. लिहिलंय तेवढंच करा," त्या म्हणाल्या.

मी तेवढंच करत गेलो. मध्ये एके ठिकाणी मशीनने तिचं नाव विचारलं. कागदावर त्या पायरीसमोर जीजींनी लिहिलं होतं, 'नाव काहीही चालेल.'

आता मी ग्रंथपाल. माझं आयुष्य प्रत्येक वस्तूला तिचं योग्य नाव आणि योग्य जागा देण्यात गेलेलं. काहीही हे मला कधीच चाललेलं नाही. मी विचार केला, जीजींना सर्वांत सोयीची मशीन कुठली? घरची. तिचा पडदाही नव्या मशीनसारखाच रुंद. उद्या इतक्या लोकांसमोर बसताना त्यांच्या हातांना घरी बसल्यासारखं वाटलं पाहिजे. मी नव्या मशीनला नाव दिलं, मोठी.

आणि तपासूनही पाहिलं. एक दाबलं, दोन दाबलं, तीन दाबलं. सगळं समोरच्या पडद्यावर नीट उघडलं. मी खूश होऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्टरवाला आला, छताला लावलेल्या प्रोजेक्टरची वायर त्याने त्या मशीनला जोडली आणि गेला. सभागृहाला कुलूप लागलं. किल्ली हेडक्लार्ककडे, हेडक्लार्क पाहुण्यांच्या नाष्ट्यात. जीजी साडेदहापासून दारात येरझाऱ्या घालत होत्या. त्यांनी मला विचारलं, बराबर झालं का. मी म्हणालो, "बिलकुल."

दार उघडलं ते समितीसोबतच. उभ्याने चार कळा दाबून पाहायला जीजींना त्या दिवशी मिळालं नाही. प्राचार्यांनी त्यांची ओळख करून दिली आणि नोंदी दाखवायला सांगितलं. जीजींनी दोन दाबलं. पडदा रिकामाच. पुन्हा दाबलं. मग वर्षाची कळ, मग वर्गाची. बोटं भराभर चालत होती आणि समोर काही येत नव्हतं.

मशीनला तिचं नाव मोठी आहे असं मी सांगून ठेवलं होतं. मोठीला दुसरा पडदा असतो. सकाळी वायर जोडल्यावर तो तिला मिळाला होता. ती त्या नावाला जागून नोंदी तिकडे पाठवत होती.

कुणीतरी प्रोजेक्टर सुरू केला. जीजींच्या मागच्या भिंतीवर नोंदी उमटल्या, हातभर उंचीच्या अक्षरांत. सगळ्या माना तिकडे वळल्या. जीजी एकट्याच रिकाम्या पडद्याकडे पाहत कळा दाबत होत्या, आणि त्यांची प्रत्येक कळ मागे भिंतीवर दिसत होती. एक वर्ग जाऊन दुसरा येत होता, पानं पुढे जात होती, मागे येत होती.

"जीजी, मागं बघा की. भिंतीवर आलंय," हेडक्लार्क हसत म्हणाले.

जीजी उठल्या आणि वळल्या. त्यांची नळी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिथे कॅलेंडर टांगलेलं होतं. त्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाल्या, "हां. दिसलं."

हेडक्लार्कचं हसू तोंडावरच राहिलं. समितीतल्या एक बाई हलकेच म्हणाल्या की आम्ही कागदावरच पाहतो. खोलीत सगळ्यांना कळलं होतं आणि प्रत्येक जण दुसरीकडे पाहत होता. मी भिंतीला टेकून उभा होतो. मी पुढे होऊन वायर काढू शकलो असतो. सगळा दोष माझा आहे, एवढं तरी बोलू शकलो असतो. मी तसाच टेकून राहिलो.

प्राचार्य चांगला माणूस. त्यांनी जीजींना खोलीत बोलावून चहा दिला, तुम्ही कॉलेजसाठी फार केलंत म्हणाले, आणि आता आराम करा म्हणाले. पुढच्या वर्षाचं पत्र आलं नाही.

जालन्याला जाण्याच्या आदल्या दिवशी जीजी वर ग्रंथालयात आल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "नाव काय दिलं होतं?"

मी सांगितलं.

त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की कपाटाला हात टेकून उभं राहावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊ, तिला अनोळखीच राहू द्यायचं होतं. अनोळखीसाठी मी सगळं लिहून ठेवलंय."

त्या गेल्यावर मी ती फाइल पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. मोठी, चौकोनी, म्हातारी यांच्या खाली आणखी सात-आठ ओळी होत्या. यांपैकी कुठलंच नाव नसेल तर काय करायचं, त्याच्या. एकच पडदा धर. बाकी काही जोडलेलं असलं तरी बंद ठेव. सगळं समोर उघड. अक्षर मोठं. कुठेही, कुणाच्याही संगणकासमोर बसण्याची वेळ आली तर आपलं कसं होईल, याचा विचार त्या बाईने करून ठेवला होता. मी काहीही नाव दिलं असतं तरी चाललं असतं. काळजीपोटी दिलेलं ते एकच नाव चालणार नव्हतं.

जालन्याचं घर प्रशस्त होतं, माणसं प्रेमळ होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जीजी बैठकीत एका मोठ्या खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या. पायाखाली पाट, हाताशी पाण्याची बाटली. स्वयंपाकघरात जायला उठल्या की भाभी लगबगीने येऊन हात धरायच्या. "एकटीनं उठायचं न्हाई हं, जीजी," त्या म्हणायच्या, आणि जीजी लहान मुलीसारख्या बसून घ्यायच्या. तासभरात मी उठलो. मला तिथे बसवेना.

पुढच्या रविवारी मी ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांच्या हस्तलिखित याद्या घेऊन गेलो. टाईप करून हव्या होत्या, हे खरंच होतं. भाईसाब म्हणाले, कशाला त्रास. जीजी मात्र खुर्चीच्या कडेला सरकल्या. घरात भाभींचा एक लॅपटॉप होता. आठवड्याने पाहिलं तर त्यावर काळा पडदा होता. भाभी हसून म्हणाल्या, "मला आता त्यातलं काहीच समजत न्हाई. घेऊ द्या त्यांनाच."

दर रविवारी मी पॅसेंजरने जायचो, झालेली पानं आणायचो, नव्या याद्या द्यायचो. अक्षरं दर महिन्याला मोठी होत गेली. मग पडद्यावर एक शब्द मावेना, तेव्हा त्यांनी मशीनला बोलायला लावलं. कानात वायर घालून ऐकत टाईप करू लागल्या. फाइलीत त्यासाठीही ओळी वाढल्या. हस्तलिखित यादी भाभी वाचून दाखवत. नणंद-भावजयीत पुस्तकांच्या नावांवरून थट्टा चालायची. "अजून नीट न्हाई," मी बाहेर पडताना जीजी म्हणायच्या.

नंतर थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि जीजी गेल्या. डोळ्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी. पण त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या महिनाभर आधी, आणि तेच सांगायचं राहिलं आहे.

त्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला की घरी येऊ नका, मीच स्टेशनवर येते. मी काही बोलायच्या आत फोन ठेवला. जालन्याला उतरलो तर चहाच्या गाड्यापाशी जीजी उभ्या होत्या, एकट्या. खांद्याला कापडी पिशवी. घरी मंदिरात जाते म्हणून सांगितलं होतं. रिक्षावाला ओळखीचा नव्हता, हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं. पानं माझ्या हातात दिली. शेवटची यादी संपली होती. आम्ही उभ्यानेच चहा घेतला. त्यांना मी कितपत दिसत होतो ते माहीत नाही; त्या माझ्या आवाजाकडे पाहून बोलत होत्या.

मी म्हणालो, रिक्षापर्यंत येतो.

"मागं येऊ नका, भाऊ."

"पूल आहे, जीजी. गर्दी आहे."

"माहीत आहे. आले ना मी त्यावरूनच?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुम्ही आलात तर मला जन्मभर वाटत राहील की तुम्ही होता म्हणून गेले."

त्या निघाल्या. गाडीतून उतरलेली माणसं दोन्ही बाजूंनी जात होती. पुलाच्या पायथ्याशी त्या थांबल्या. कठड्यासाठी हात पुढे केला, तो चुकला. मी एक पाऊल टाकलं आणि तिथेच थांबलो. पानं हातात चुरगळली. एक माणूस त्यांचा दंड धरायला वाकला. जीजींनी मान हलवली, तो निघून गेला. दुसऱ्यांदा हात बरोबर पडला. एक पायरी. मग दुसरी. बरीचशी माणसं त्यांना ओलांडून वर गेली.

वर पोचल्यावर त्या लगेच गेल्या नाहीत. खालून एक मालगाडी चालली होती, पूल थरथरत होता. जीजी मधोमध उभ्या राहिल्या, तोंडावर वारा घेत, शेवटचा डबा जाईपर्यंत. त्यांना इतकं स्वस्थ उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पिशवी सावरली आणि पलीकडच्या पायऱ्यांकडे वळल्या. तिथून पुढचं मला दिसत नव्हतं. मी पुलावर गेलो नाही.